दोघांनी काढायला सांगितलेला सदरा

"सदरा काढ."

पाटील खळ्यात बाजेवर बसला होता. तोंडात पान. दिवाळीचा पाडवा. मी बापाच्या मागे उभा. अंगात आईनं मोलगीच्या बाजारातून आणलेला सदरा. शिवलेलं कापड आमच्या घरात पहिल्यांदाच आलं होतं. त्याला एक बटण कमी होतं, बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. पण सदरा होता. मी सारखा त्याच्यावरून हात फिरवत होतो.

"काय रे भिल्ला, तुन्हा पोऱ्या तं नवरदेव व्हई ग्या!" पाटील बापाला म्हणाला. खळ्यातले गडी हसले. मग माझ्याकडे वळला. "काढ म्हणस ना. तुले कोनी सांगं सदरा घालाले?"

बाप पाटलाचा सालदार. सालदार बोलत नाही. त्यानं नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि मी सदरा काढला.

पाटलानं तो हातात घेतला नाही. भिल्लाच्या अंगचं कापड, विटाळ झाला असता. काठीच्या टोकानं उचलला आणि गड्यापुढे फेकला. "दादरमा बुजगावनाले घाल. त्याले थंडी वाजी ऱ्हायनी." पुन्हा हशा.

दादर म्हणजे आमच्या मुलखातली रब्बीची ज्वारी. त्या हिवाळ्यात पाटलाच्या दादरीतली पाखरं हाकायचं काम माझंच होतं. मी माळ्यावर, हातात गोफण, अंग उघडं. समोर काठ्यांचं बुजगावणं, त्याच्या अंगात माझा सदरा. वारा आला की बाह्या हलायच्या. पोपट त्याला भ्यायचे. मला भ्यायचे नाहीत.

एका सकाळी मी खाली उतरून त्याच्याजवळ गेलो. सदऱ्याला हात लावला. दवानं भिजला होता, खांद्यावर पाखरांची शीट. काढून घ्यावा असं मनात आलं. घेतला नाही. बुजगावणं पाटलाचं. म्हणजे सदराही आता पाटलाचा.

हे मी रडण्यासाठी लिहीत नाही. आणि पाटलाबद्दल सांगण्यासारखं नवीन काही नाही. तापीच्या काठानं चालत जा, असे पाटील गावोगाव बाजेवर बसलेले आहेत. मला सांगायचं आहे ते दुसऱ्या माणसांबद्दल. चांगल्या माणसांबद्दल.

माझं मिसरूड फुटायच्या सुमाराला विनायकभाऊ आले. बरोबर त्यांची बहीण सुमतीताई. दोघं पुण्याकडची. कॉलेज सोडलेलं, अंगात खादी, डोक्यात देश. पहाड उतरून सपाटी लागते तिथं, नाल्याकाठी, पाटलाच्या पडीक जागेत त्यांनी उद्योगशाळा काढली. पाटलानं जागा का दिली हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं. ज्या झाडाला फळ यायचं आहे त्याच्या खालची जमीन आपली असलेली बरी.

उद्योगशाळा म्हणजे काय, तर ताडपत्रीचा मांडव, एक माग आणि एक लाकडी घाणा. मोहाचं झाड आमच्या डोंगरात घरटी आहे. फुलं गेली की त्याला फळ धरतं, फळातल्या बियांना टोळंब्या म्हणतात, त्यांचं तेल निघतं. बाया रानभर वाकून टोळंब्या वेचायच्या आणि व्यापाऱ्याला मिठाच्या बदल्यात द्यायच्या. तो तेल काढायचा आणि तेच तेल पुन्हा आम्हालाच विकायचा. झाड आमचं, कंबर आमची, दिवा मात्र त्याच्या मर्जीनं जळायचा.

भाऊ म्हणाले, "घाणा तुमचा करू."

खोटं बोलणार नाही. भाऊंनी दगड वाहिले. हाताला फोड आले तरी वाहिले. आमच्याबरोबर खाली बसून भाकर खाल्ली, आमच्या लोट्यातलं पाणी प्याले. तसं करणारा माणूस आम्ही पहिल्यांदा पाहत होतो. जातरीकाकी, बापाची चुलतबहीण, सगळ्या बायांत तोंडानं फटकळ. ती मला म्हणाली, "या बामणाला घरी कुणी जेवायला देत नाही का रे?" पण दुसऱ्या दिवशी तिनंच त्यांच्यासाठी जास्तीची भाकर थापून आणली.

माझी अक्षरं भाऊंच्या पत्रकांवर झाली. कमळ नाही, गवत नाही. मी जोडून वाचलेला पहिला शब्द 'जुलूम'. दुसरा 'स्वाभिमान', तो वाचायला फार वेळ लागला. पत्रकात लिहिलं होतं, तू माणूस आहेस, ताठ उभा राहा. मी ती पत्रकं मुंडाशात खोचून मोलगीच्या बाजाराला जायचो, दगडावर चढायचो आणि आमच्या बोलीत करून ओरडून सांगायचो. म्हाताऱ्या म्हणायच्या, "पोरा, ताठ उभं राहू नंतर, आधी मीठ कुठं बरं मिळतं ते सांग." मी चिडायचो. ताई हसायच्या.

ताईंनी मागावरच्या पहिल्या कापडाचा सदरा शिवला. सूत जाडंभरडं, वीण वाकडी. मी त्यांना बुजगावण्याची गोष्ट सांगितली होती. सदरा माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, "हा तुझा. आता कुणी काढ म्हटलं तरी काढायचा नाही."

मी तो रोज घातला. धुवायचा तर नाल्यावर, आणि वाळेपर्यंत तिथंच बसून राहायचो.

त्या उन्हाळ्यात बायांनी व्यापाऱ्याला पाठ दाखवली. पहिल्यांदाच. टोपल्याच्या टोपल्या टोळंब्या घाण्यावर आल्या. मांडवात ढीग लागला. व्यापारी बाजारात म्हणायचा, "पाऊस येवू द्या, मंग येशात मन्हा दारशी." त्याचं चुकत नव्हतं. ताडपत्रीखाली टोळंब्या राहणार नव्हत्या. लाकडी घाणा जुना, त्याची लाट, म्हणजे आत फिरणारा दांडा, तडकली होती. पक्कं छप्पर पाहिजे होतं, लोखंडी घाणा पाहिजे होता. आभाळ रोज भरून यायचं आणि आम्ही वर बघायचो.

भाऊंनी मुंबईचा एक शेठ गाठला. तो दोन्ही देणार होता. आधी येऊन बघणार होता.

शेठ यायच्या आधी भाऊंनी मला मागाजवळ बोलावलं. "तुझे वडील होळीला नाचतात ना? मोराच्या पिसांचा टोप घालून?"

"हो."

"शेठजींना ते पाहायचं आहे."

मला वाटलं भाऊ विसरले. मी म्हणालो, "भाऊ, आता होळी कुठं आहे?"

"अरे, होळी नसली म्हणून काय झालं? नुसता पोशाख घालायचा."

मी सांगितलं. माझा बाप दर होळीला काठी गावाच्या बाजूला डोंगरात जातो. साल ठरवताना पाटलाकडे त्यानं एवढी एकच गोष्ट मागितली होती, होळीची सुटी. आधी व्रत धरतो, त्याला आम्ही पालनी म्हणतो. बाजेवर निजायचं नाही, भुईवर. बायकोला शिवायचं नाही. तिच्या हातचं खायचं नाही, आपल्या हातानं रांधायचं. पायात काही घालायचं नाही. मग अंगाला राख, त्यावर तांदळाच्या पिठाचे ठिपके, कमरेला वाळले भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर पिसांचा टोप. तेव्हा तो माझा बाप राहत नाही. मी त्याला त्या दिवसांत हाकही मारत नाही. होळी झाली की व्रत सोडतो आणि पुन्हा पाटलाचा सालदार होतो. "तो पोशाख नाही, भाऊ."

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "श्रद्धा मी समजू शकतो. पण त्या बायांच्या टोळंब्या भिजल्या तर, त्याचं काय?"

आजही वाटतं, प्रश्न खोटा नव्हता. विचारणाऱ्यानं तो वापरला.

मी बापाला काही बोललो नाही. भाऊंनी पाटलाला सांगितलं. पाटलानं बापाला सांगितलं. झालं.

शेठची मोटार नंदुरबार स्टेशनावरून आली. आंब्याच्या पानांची तोरणं लागली होती. मांडवात मधोमध खुर्च्या. एकीवर शेठ, शेजारच्या खुर्चीवर पाटील. जागा त्याची ना. आमची माणसं खाली भुईवर, टोपल्यांपाठीमागे. फोटोवाला काळ्या कापडाखाली डोकं घालून बघत होता.

मी दाराशी उभा होतो. ताईंनी शिवलेला सदरा, धुतलेला. भाऊ घाईघाईनं आले. त्यांच्या हातात तिरकामठा होता, कुणाचा तरी मागून आणलेला.

"हा घे. आणि सदरा काढ."

मी सदरा मुठीत धरला.

"फोटोपुरता. घडीभर. शेठजी म्हणतात, सदऱ्यातला माणूस मुंबईतही मिळतो. त्यांना इथला हवाय."

खुर्चीवरून पाटील हसला. त्यानं मला ओळखलं होतं. "भाऊसायेब, मी तं याले मांगेच सांगेल शे, सदरा काढ म्हनीसन. ऐकतस कोठे ह्या लोके!"

शेठला काही कळलं नाही, पण पाटील हसला म्हणून तो हसला. आणि शेठ हसला म्हणून भाऊ हसले. खळ्यातल्या गड्यांचं हसू मी लहानपणी पाहिलं होतं. तेच हसू. फक्त दात जास्त स्वच्छ.

मी ताईंकडे पाहिलं. त्या ताटातली फुलं सारखी करत होत्या. वर पाहिलं नाही.

तेवढ्यात ढोल वाजला आणि मांडवामागून बाप आला.

राख फासलेली. ठिपके काढलेले. पिसांचा टोप, कमरेला भोपळे, घुंगरं. सगळं होतं. पण होळीला बाप येतो तेव्हा डोळे समोर असतात, कुणावरही न थांबणारे. आज ते जमिनीवर होते. ढोलावर त्यानं पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. कमर हलवली. आवाज नाही. होळीला ही घुंगरं नाल्यापलीकडं ऐकू जातात. आज नुसता माणूस हलत होता. सगळ्या अंगाला सोंग चढवलेला, मुका.

शेठ पुढे वाकला. "आ घूघरा केम वागता नथी?"

"घुंगरं वाजत का नाहीत, विचार त्यांना," भाऊ मला म्हणाले.

मी जवळ गेलो तेव्हा दिसलं. एकेका घुंगरात बापानं कापूस कोंबला होता. पाटलाच्याच शेतातला. घट्ट, बोटानं दाबून. पोटातला खडा हलणार नाही असा.

मी त्याला आमच्या बोलीत विचारलं. तो खाली बघतच बोलला. "पाटलानं अंग मागितलं. आणलं. आवाज माझा नाही, तो देवाचा. आज त्याचा दिवस नाही."

"काय म्हणतात?" भाऊ.

मी मराठीत सांगितलं. मोठ्यानं. एक शब्द गाळला नाही.

पाटील उठला. तीच काठी. टोकानं बापाच्या कमरेचं घुंगरू उचललं. "कापूस काढ रे भिल्ला! पाहुना बठेल शे, दिसत नही का?"

काठीनं उचललेला सदरा मला दिसला. मी मध्ये शिरलो. काठी हातानं बाजूला सारली.

"नाही काढणार," मी म्हणालो. "कापूसही नाही. सदराही नाही."

भाऊ कानाशी आले. दातांत बोलले, "गप्प बस. छप्पर जाईल."

"जाऊ द्या."

म्हणालो खरा. पण छप्पर माझं कुठं होतं? टोळंब्या बायांच्या होत्या. मी त्यांच्याकडे वळलो आणि आमच्या बोलीत सगळं सांगितलं. हे छप्पर देतील. त्याच्याबदली बापानं कापूस काढून नाचायचं, मी सदरा काढून उभं राहायचं. तुम्ही म्हणाल तसं. तुमच्या टोळंब्या आहेत.

एका पोरीनं टोपलीवरचं फडकं उगाच सारखं केलं. मला वाटलं, आता म्हणतील, काढ बाबा, घडीभराचं तर आहे. म्हणाल्या असत्या तर मी काढला असता का? माहीत नाही.

जातरीकाकी उठली. लुगड्याची धूळ झटकली. "भिजल्या तर आमच्या भिजतील," ती म्हणाली. टोपली डोक्यावर घेतली. दाराशी थांबून मला म्हणाली, "त्या मोटारवाल्याला सांग, नाच बघायचा तर होळीला ये. आणि पायी ये, चढ आहे." बायांत खसखस पिकली. एकेक टोपली उठली.

बापानं टोप उतरवला. आपल्या धोतराच्या पदरात गुंडाळला, लहान पोर घ्यावं तसा. पाटलाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. डोंगराकडे चालू लागला.

पाटलानं त्याच दिवशी बापाला सालावरून काढलं.

मोटार गेल्यावर भाऊ तुटक्या तोरणाखाली बसले होते. चेहरा उतरलेला. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. ते म्हणाले, "काय केलंस तू हे? एका सदऱ्यापायी?"

"ताठ उभा राहा, हे तुमचंच पत्रक आहे, भाऊ."

"ते सरकारसमोर. सावकारासमोर. आपल्या माणसांसमोर नाही."

तिथं मला कळलं. जे इतकी पत्रकं वाचून कळलं नव्हतं ते. ताठ कुणासमोर उभं राहायचं आणि वाकायचं कुणासमोर, ही यादी त्यांच्याजवळ होती. ती त्यांनी केलेली होती. आम्हाला फक्त उभं राहायला शिकवलं होतं, तेही सांगतील तिथं.

"आपली माणसं कोण, हे कुणी ठरवायचं?" मी विचारलं.

ताई मागाजवळ होत्या. तिकडून नुसतं एवढंच आलं, "विनू, पुरे." माझ्याशी बोलणं पुरे, की भाऊंचं हे असं वागणं पुरे, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

पाऊस आला. पुढचं गोड करून सांगायचं नाही मला. टोळंब्या घरोघर चुलीवरच्या माळ्यावर टाकल्या. काही राहिल्या. पुष्कळ बुरसल्या. ज्या राहिल्या त्या घेऊन बाया व्यापाऱ्याच्या दारात गेल्या, तो म्हणाला होता तशाच. त्यानं त्यांना ओट्याखाली भिजत उभं ठेवलं. जातरीकाकी मिठाचं पुडकं पदरात बांधून माझ्यासमोरून गेली. तिच्याएवढी फटकळ बाई, पण माझ्याकडे बघून एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

भाऊ आणि ताई गेले. उद्योगशाळेला पाटलानं कुलूप लावलं. माग आत आहे. आता तिथं त्याचा कडबा असतो.

बाप वर डोंगरात राहतो. माझ्याशी तो त्या दिवसाबद्दल बोलला नाही. पालनी नसताना अंगाला राख लावली म्हणून त्याच्या जिवाला लागलं आहे. पुढच्या होळीला तो नाचला नाही. मागे उभा राहून ढोल ऐकला. हे पाटलाच्या हिशेबात नाही आणि भाऊंच्याही नाही. माझ्या आहे.

आम्ही पुन्हा घाणा करतोय. पाटलाच्या जागेत नाही, वर, आमच्या पाड्यात. चिंचेचं खोड पाडलंय. आमच्याकडे लाह असते. एखाद्या घराचं काम निघालं की घरटी माणूस आपापलं हत्यार घेऊन येतो, त्या घरानं त्यांना जेवू घालायचं. मालक नाही, मजूर नाही, खुर्ची तर नाहीच. भाऊ आमच्यात एवढे राहिले, पण लाह कशी बोलावतात हे त्यांनी कधी विचारलं नाही. आणि मी पत्रकं ओरडत फिरत होतो, मलाही ती आठवली नाही. आता आठवलीय. खोड निम्मंच कोरून झालंय. जंगलखात्याच्या शिपायानं दोन कुऱ्हाडी नेल्या. ज्यांच्या नेल्या ते दुसऱ्यांच्या मागून आणतात. घाणा फिरेल की तडकेल, कुणी सांगू शकत नाही. जातरीकाकी येते. जेवायच्या वेळी मला सगळ्यांत शेवटी वाढते. वाढू दे.

शहरातल्या तरुणांनो, हे तुमच्यासाठी लिहिलंय. तुम्ही आणखी येणार, मला माहीत आहे. तुमच्या अंगात रग आहे, मनात चांगलं आहे. या. लाहेला या. कुऱ्हाड आणा. भुईवर बसा, जातरीकाकी भाकर देईल आणि चार शब्दही ऐकवील. पण कुणाला दाखवायला आमच्यातलं एकही माणूस उभं करू नका. आमचं काय उतरवायचं आणि काय चढवायचं, हे तुमच्या हातात पुन्हा देणार नाही. छपराच्या बदल्यात नाही. घाण्याच्या बदल्यात नाही. आमच्या भल्यासाठी म्हणालात तर मुळीच नाही.

सदरा अजून आहे. कोपरावर फाटलाय, आईनं लुगड्याचं ठिगळ लावलंय. घालून हिंडतो. तापीकाठच्या पाटलांच्या गावांतूनही हिंडतो.

बापाची घुंगरं आढ्याला टांगली आहेत. मी एकदा कापूस काढायला गेलो तर तो म्हणाला, "राहू दे." राहू दिलाय. बाप पालनी धरील त्या होळीला तो आपल्या हातानं काढील. तोवर ती कुणासाठी वाजणार नाहीत.